आधी पुढची चाकं

कुर्राबी, १२ ऑगस्ट १९८४

क्लॅरी,

फोन केला असता, पण आमच्या एक्स्चेंजवर आयव्ही बसते हे तुला माहीत आहे. मर्व्ह शिर्मरला ब्रेक लावता येत नाहीत हे तिने ऐकलं, तर दुपारपर्यंत गव्हाच्या सायलोपासून चर्चपर्यंत सगळं गाव मला बघून भिंतीला चिकटून उभं राहील. म्हणून पत्र.

तुमच्या बापाची गाडी चालू झाली. एक्कावन्न सालची होल्डन, बारा वर्षं शेडमध्ये पडली होती, मागच्या सीटवर कोंबड्यांच्या तीन पिढ्या वाढल्या. रंग झाला, इंजिन झालं. तू म्हणालास तसं पुढचे ड्रम काढून नंतरच्या मॉडेलच्या डिस्क बसवल्या. तू बसने पाठवलेला व्हॉल्व्हही मागच्या ब्रेकच्या पाइपात टाकला. पाइपातली हवा काढली. आता पायडल दाबलं की गाडीचं नाक जमिनीला टेकायला जातं आणि मागची चाकं आपण त्या गावचेच नाही अशी फिरत राहतात. गाडी थांबते, पण रुसल्यासारखी थांबते. त्या व्हॉल्व्हचा स्क्रू किती फिरवायचा, कुठे थांबायचं, काही कळत नाही.

घाई एवढ्यासाठी की २० ऑक्टोबरला गावाला पंचाहत्तर वर्षं होतात. गाव सोडून गेलेले सगळे येणार, जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार. मी माझ्या बापाचा ट्रॅक्टर चालवीन. होल्डन आमची पोरगी हेदर चालवील, पोर्ट लिंकनहून सुट्टी काढून येतेय. शेजारी डल्सी बसणार. तुझी बहीण आत्तापासून टोपी शोधतेय. ती याच गाडीवर गाडी चालवायला शिकली, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं.

तू स्वतः आला असतास तर बरं झालं असतं. खुबा कसा आहे?

मर्व्ह

*

सेमाफोर, २० ऑगस्ट १९८४

मर्व्ह,

खुबा दवाखान्याच्या यादीत आहे आणि यादी मुंगीच्या चालीने सरकतेय. दोन काठ्यांवर मी समुद्रापर्यंत जातो, सीगल पक्ष्यांना शिव्या देतो आणि परत येतो. कुर्राबीपर्यंत येणं या जन्मी तरी ऑक्टोबरच्या आधी नाही. तेव्हा तुला पत्रानेच शिकवतो. बोरिस नावाच्या एका वेल्डरला मी एकदा खाणाखुणा करून गिअरबॉक्स उघडायला शिकवला होता. त्याला तर आपली भाषाही येत नव्हती. तुला येते, असं धरून चालतो.

आता नीट ऐक. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे धावतं. पुढच्या चाकांवर भार येतो, मागची हलकी होतात. म्हणून पुढच्यांनी जास्त काम करायचं, मागच्यांनी कमी. पण अगदीच कमी नाही, नाहीतर तुझ्यासारखी रुसलेली गाडी मिळते. आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेव: चाक फिरायचं थांबून घसरायला लागायचं असेल तर आधी पुढची चाकं, मग मागची. पुढची आधी अडली तर गाडी निदान नाकासमोर जाते. मागची आधी अडली तर शेपटाला पुढे यायची घाई होते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. स्टिअरिंग सरळ धरलंस तरी फिरते.

करायचं असं. सपाट, सरळ, मोकळा रस्ता घे. ताशी पन्नासने ये आणि जोरात दाब. कुणालातरी बाजूला उभं कर, कोणतं चाक आधी अडतं ते बघायला. सुरुवातीला स्क्रू पूर्ण सैल ठेव. मग अर्धा अर्धा फेरा आत घे. तेवढा मागचा दाब वाढेल. मागची चाकं पुढच्यांच्या बरोबरीने अडायला लागली की एक फेरा मागे घे आणि तिथे थांब.

बाजूला डल्सीला उभं कर. तिचे डोळे चांगले आहेत. नवरा निवडताना चष्मा नव्हता, एवढंच.

क्लॅरी

*

कुर्राबी, ९ सप्टेंबर १९८४

क्लॅरी,

झालं. काल सकाळ सगळी त्यातच गेली. लोकर कातरायच्या शेडमागे आपला खडीचा रस्ता आहे ना, दीड मैल नाकासमोर, तिथे केलं. हायवेच्या डांबरावर गव्हाचे ट्रक असतात आणि नवे टायर झिजवायची माझी इच्छा नव्हती. शिवाय खडीवर खुणा अशा उमटतात की छापील पुस्तक वाचल्यासारखं. कोणतं चाक कुठे फिरायचं थांबलं, वितीवितीने मोजता येतं.

स्क्रू बराच आत घ्यावा लागला. माझ्या हिशेबाने एवढा लागेल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने अकरा वेळा फिरवला तेव्हा कुठे मागची चाकं पुढच्यांच्या बरोबरीला आली. मग तू म्हणालास तसा एक फेरा मागे. आता अशी थांबते, चारी पाय रोवून, जुन्या घोड्यासारखी. संध्याकाळी डल्सीला दुकानापर्यंत नेऊन आणलं, हायवेवरूनच. लोण्यासारखा ब्रेक.

खाली डल्सीला लिहायचंय. मी सांगितलं, जागा थोडी आहे.

मर्व्ह

क्लॅरी, मी तीन तास उलट्या बादलीवर बसले होते. अंगावर बादलीचा गोल उमटलाय, तो कुठे ते विचारू नकोस. तुझा मेहुणा दर वेळी उतरून रांगत रांगत खुणा बघायचा. मी म्हटलं, मर्व्ह, लग्नाच्या आधी मला इतकं निरखून पाहिलं नव्हतंस. तर म्हणतो, तुझ्यापाशी मी थांबलोच होतो, गाडी अजून थांबायची आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बरं बोलला. लिहून पाठवतेय, पुढे कधी नाही म्हणाला तर तू साक्षीदार. टोपी मिळाली, निळी. हेदर म्हणते, आई, तू त्यात पोस्टाच्या पेटीसारखी दिसतेस. — डल्सी

*

सेमाफोर, १६ सप्टेंबर १९८४

मर्व्ह,

शाब्बास. स्क्रूवरचं चेकनट आवळ आणि आता त्याला हात लावू नकोस. चांगल्या बसलेल्या ब्रेकशी खेळत राहणारे लोक मी चाळीस वर्षं गॅरेजमध्ये पाहिले. शेवटी क्रेनने घेऊन यायचे.

डल्सीला सांग, तिचा मजकूर मी तीनदा वाचला आणि शेजारच्या म्हातारीला वाचून दाखवला. बादलीवर बसलेली माझी बहीण डोळ्यांपुढून हलत नाही. ‘बरं बोलला’ ते माझ्या वहीत नोंदवलंय, तारखेसकट.

मला १७ ऑक्टोबरला दवाखान्यात बोलावलंय. तुम्ही मिरवणुकीत असाल तेव्हा मी उताणा पडून छत मोजत असेन. फोटो काढा.

क्लॅरी

*

कुर्राबी, ४ नोव्हेंबर १९८४

क्लॅरी,

तुला येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नकोस. खुबा कापलेला माणूस येणार कसा. पास्टर चांगलं बोलला. बायकांनी सँडविचं आणि केक केले, ते अजून फ्रीजमध्ये आहेत. टाकवत नाहीत, खाववत नाहीत.

तुला सगळं सांगायला हवं, म्हणून लिहितो. हेदर आणि डल्सी घरून साडेनऊला निघाल्या. मी ट्रॅक्टर घेऊन पहाटेच पुढे गेलो होतो. हायवेला लागल्यावर गावाच्या चार किलोमीटर अलीकडे एक इमू पिल्लं घेऊन रस्त्यात आली. गाडी फिरली, आडवी झाली आणि डल्सीच्या बाजूने विजेच्या स्टोबी खांबावर गेली. तो खांब लोखंड आणि काँक्रीटचा. तो हलतसुद्धा नाही. हेदरचा हात मोडला. डल्सी तिथेच गेली. मी ट्रॅक्टरवर बसून, बँड वाजत असताना, अजून होल्डन कशी आली नाही म्हणून चिडत होतो.

आमच्याकडे पोरं चालायला लागली की शिकवतात: जनावर आलं तर स्टिअरिंग फिरवायचं नाही. ब्रेक दाबा, लागलं तर जनावर उडवा, पण सरळ जा. हेदर इथली पोर आहे. तिने एका पक्ष्यासाठी स्टिअरिंग फिरवलं. पोलीस सार्जंटनेही तेच लिहिलं. ती म्हणते, नाही फिरवलं. पण न फिरवता गाडी फिरत नाही. ब्रेक तर आपण बसवले होते, तू पसंत केले होतेस.

दवाखान्यात मी तिला म्हणालो, “एका इमूपायी तू तुझ्या आईला घालवलंस.” बोलून गेलो. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. गावातही लोक तिला बघून पलीकडच्या बाजूने जातात. मी काही करत नाही. काय करणार.

मर्व्ह

*

पोर्ट लिंकन, २५ नोव्हेंबर १९८४

क्लॅरीमामा,

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लागलं तर बघा.

मी फक्त एक गोष्ट विचारणार आहे. तुम्ही चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात, तुम्ही सांगा. मी ऐंशीने जात होते. इमू डावीकडून आली, मागे पाच-सहा पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. आई म्हणाली, “सावकाश गं.” मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक दाबला, पूर्ण ताकदीने. एवढंच केलं. नाक सरळ होतं, इमू माझ्या समोर होती आणि मग ती खिडकीतून बाजूला दिसायला लागली. जग फिरलं, मी काही फिरवलं नव्हतं.

सार्जंटला मी हे चार वेळा सांगितलं. तो चांगला माणूस आहे. म्हणाला, “पोरी, धक्क्यात माणसाला आठवत नाही.” बाबांनी तर ऐकूनच घेतलं नाही. आता माझंच मला खरं वाटेनासं झालंय. वॉर्डात रुग्णाला डाव्या हाताने गोळ्या देताना मी चार वेळा बाटली वाचायचे, कारण माझ्या हातांनी काय केलं हे मला कळत नाही असं सगळे म्हणतात. म्हणून मेट्रनने मला हलक्या कामावर ठेवलंय. चादरी मोजते.

स्टिअरिंग सरळ धरून, नुसत्या ब्रेकने गाडी अशी फिरू शकते का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. नाही असेल तरी चालेल. मी ऐकून घेईन.

हेदर

*

सेमाफोर, ३ डिसेंबर १९८४

मर्व्ह,

हे पत्र शेडमध्ये जाऊन, एकटा बसून वाच.

हेदरचं पत्र आलं. तिने जे लिहिलंय ते वाचल्यावर मी तुझी पत्रं काढली. तुझं सप्टेंबरचं पत्र समोर आहे. तू ब्रेक खडीवर बसवलेस. तसं लिहिलंयस, स्वच्छ अक्षरात. स्क्रू वाटलं त्याहून जास्त आत घ्यावा लागला, तेही लिहिलंयस. ते वाचून मी तिथेच थबकायला हवं होतं. मी तुझ्या चार ओळी एकदा वाचल्या आणि डल्सीची बादली तीनदा.

कारण सांगतो. डांबरावर टायर घट्ट पकडतात. गाडी कचकन थांबते, नाक वाकतं, सगळं वजन पुढे जातं आणि मागची चाकं जवळजवळ अधांतरी होतात. खडीवर पकडच नसते. गाडी घसरत घसरत थांबते, नाक फारसं वाकत नाही, मागच्या चाकांवर वजन टिकून राहतं. म्हणून खडीवर मागची चाकं पुष्कळ ब्रेक सोसतात. तू त्यांच्या त्या सोसण्याच्या मापाने स्क्रू बसवलास. त्याच मापाने डांबरावर पूर्ण जोर दिला की मागची चाकं आधी अडणार. दुकानापर्यंत हळू ब्रेक लावलास तेव्हा कळलं नाही. कळणारही नव्हतं. इमू आली तेव्हा कळलं.

पोर खरं बोलतेय, मर्व्ह. तिने काही फिरवलं नाही.

चूक तुझी नव्हती, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तुला मी मूर्ख समजतो असं होईल. पण तू शेतकरी आहेस. खडीवर जन्मलास, खडीवर गाडी शिकलास, तुला खडीच आठवणार. मी त्या धंद्यातला माणूस. तेराव्या वर्षी दुसऱ्याच्या गॅरेजात पुर्जे धुवायला लागलो आणि स्वतःची पाटी लावली ती याच भांडवलावर, की लोक जे सांगतात त्यात काय बिघडलंय ते मला ऐकू येतं. आणि माझ्या बहिणीचा जीव ज्यात होता ते वाक्य माझ्या हातात आलं आणि मी त्याच्या खाली ‘शाब्बास’ लिहिलं. ऑपरेशननंतर खुबा दुखतो का, असं डॉक्टर विचारतात. मी हो म्हणतो. दुखतं ते वेगळंच.

हेदरला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे तिला तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. तू तिला जे म्हणालास ते तूच परत घेऊ शकतोस, मी नाही. नाताळला तिला घरी बोलाव आणि सांग. तोपर्यंत मी थांबतो.

क्लॅरी

*

कुर्राबी, १९ डिसेंबर १९८४

क्लॅरी,

तुझं पत्र जाळलं. तू पुन्हा असं लिहू नकोस.

दुसऱ्या दिवशी सार्जंट मला तिथे घेऊन गेला होता. डांबरावर दोन काळे पट्टे होते. मागच्या चाकांचे. आधी सरळ, पट्टीने ओढल्यासारखे, मग वळलेले. पुढच्या चाकांचे पट्टे बरेच पुढे सुरू होत होते. आधी पुढची, मग मागची, हे तूच मला भिंतीवर लिहायला लावलं होतंस. मी शेडमध्ये खडूने खरंच लिहिलं होतं. मी तिथे उभा राहिलो आणि दोन मिनिटांत मला सगळं कळलं. सार्जंटने विचारलं, “तुला काय वाटतं, मर्व्ह?” मी म्हणालो, “तू पोलीस आहेस.” मग दवाखान्यात गेलो आणि पोरीला ते बोललो. कळल्यानंतर बोललो, क्लॅरी. कळायच्या आधी नाही.

गाडी शेडमध्ये आणली, त्याच रात्री तो व्हॉल्व्ह काढला आणि तळ्यात टाकला. गाडी भंगारवाल्याने नेली. आता दाखवायला काही नाही.

यंदा पीक आलंय. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर असं पीक. दिवसभर कापणीच्या यंत्रावर बसतो, संध्याकाळी घरी येतो तर दोन ताटं काढतो. हात आपोआप काढतात. मी तिला मारलं हे मला रोज माहीत असतं. पण ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे अशा घरात, अशा गावात मला जगता येणार नाही. हेदर सत्तावीस वर्षांची आहे. तिला नवरा मिळेल, पोरं होतील, ती विसरेल. मला काय मिळणार आहे?

तू तिला काही लिहू नकोस. तुझ्या बहिणीची शपथ घालतो. तिने मला निवडलं होतं, एवढं लक्षात ठेव.

मर्व्ह

*

सेमाफोर, २८ डिसेंबर १९८४

हेदर,

तुझ्या प्रश्नाला महिनाभर उत्तर दिलं नाही. त्याची माफी मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही.

उत्तर: हो. स्टिअरिंग सरळ धरून, नुसत्या ब्रेकने गाडी फिरू शकते आणि तशीच फिरली. तू जे केलंस ते बरोबर केलंस. मी तिथे बसलो असतो तर मीही तेच केलं असतं आणि माझ्याही हातून तेच झालं असतं. तुझे हात चांगले आहेत. त्यांनी काय केलं ते तुला नीट आठवतंय.

दोष ब्रेक बसवण्यात होता. मागच्या चाकांना फार दाब मिळत होता. तुझ्या बाबांनी मला पत्राने विचारलं तेव्हा मी त्यांना कळवलं की खडीवर ब्रेक बसव, खुणा छान दिसतात. खडीचं माप डांबराला चालत नाही, हे चाळीस वर्षांच्या मेकॅनिकला माहीत असायला हवं. मला होतंही. लिहिताना डोकं जागेवर नव्हतं. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून मी सांगितलं तसं केलं. त्यांना यातलं काही समजायचं कारण नाही. तुला जे बोलले ते दुःखात बोलले.

याच टपालाने सार्जंटला मी असंच पत्र पाठवतोय, सहीनिशी. मग त्यांनी माझं काय करायचं ते करावं. मी म्हातारा आहे, कुठे पळून जाणार नाही. पळता येतच नाही.

चादरी मोजणं सोड आणि वॉर्डात जा.

तुझा,
क्लॅरीमामा

*

पोर्ट लिंकन, २७ जानेवारी १९८५

क्लॅरीमामा,

सार्जंटने मला ठाण्यावर बोलावून घेतलं. तुमचं पत्र टेबलावर होतं. त्याने माझ्या जबाबाखालचं ‘चालकाने स्टिअरिंग वळवले’ हे वाक्य माझ्यासमोर खोडलं आणि खाली सही केली. मग उभा राहून टोपी काढली. बाहेर आल्यावर मी गुरांच्या आवाराच्या मागे जाऊन खूप रडले. तुमच्यामुळे मी सुटले. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला त्याची किंमत नाही.

मामा, तुम्ही खोटं लिहिलंत.

आई तुमची पत्रं केकच्या पाककृतींच्या वहीत ठेवायची. अंत्यविधीनंतर ती वही मी घेतली. तुमचं ऑगस्टचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात सपाट रस्ता आहे, सरळ आहे, मोकळा आहे. खडी कुठेच नाही. मागची चाकं आधी अडली तर गाडी फिरते, हेही त्यात आहे. तेच वाचून मी तुम्हाला तो प्रश्न विचारला होता. बाबा सगळ्यांना सांगत राहिले की ब्रेक बरोबर बसवलेत, म्हणून मला खात्री होत नव्हती. खडीवर तीन तास बसल्याचं आईने मला हसत हसत सांगितलं होतं. पण खडीने काय बिघडतं, ते तुमचं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही बाबांना वाचवलंत हे कळलं. का, तेही कळलं. मला राग नाही आला. मला वाटलं, बाबांना कदाचित खरंच काही माहीत नसेल. तर मग मीच जाऊन सांगावं की आता कुणाचाच कुणावर राग नको. म्हणून मागच्या शनिवारी घरी गेले. गाडी मीच चालवत गेले. त्या खांबापाशी थांबले नाही.

बाबा खूप वाळलेत. मी चहा केला. तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला एकच शब्द हवा होता, मामा. ‘नाही.’ ते म्हणाले असते, “नाही, क्लॅरीने असं लिहिलं नव्हतं, मीच खडीवर गेलो,” तर मी त्यांना मिठी मारली असती. उठून त्यांच्या खुर्चीपर्यंत जायची तयारी केली होती मी. पाय टेबलाखालून बाहेर काढून बसले होते.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “हो. क्लॅरीनेच सांगितलं होतं. म्हातारा झालाय तो.” आणि मग, “आता त्याला फार बोलू नकोस.”

मी म्हणाले, “नाही बोलणार, बाबा.”

मी तेव्हा विचारणार होते की रस्त्यावरचे पट्टे तुम्ही पाहिले होते का. सार्जंटने मला सांगितलंय की ते सोबत होते, बराच वेळ वाकून बघत होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी अजून एक उत्तर दिलं असतं आणि मला तेही ऐकावं लागलं असतं. त्याऐवजी मी त्यांचे शर्ट धुतले, इस्त्री केले, फ्रीज साफ केला. आईचे कपडे पेट्यांमध्ये भरले. निळी टोपी दवाखान्याने परत दिली होती, ती त्यांनी अजून कागदी पिशवीतच ठेवली होती. मी पिशवी उघडली नाही. ते शेडमधून दोनदा येऊन दारात उभे राहून गेले. एकदा म्हणाले, “तू आलीस, बरं वाटलं.” खरंच बरं वाटलं होतं त्यांना. खांदे खाली आले होते. जेवले पोटभर. तीन महिन्यांत इतका हलका माणूस मी त्या घरात पाहिला नव्हता आणि तो हलका झाला होता तुमच्या खोट्यामुळे आणि माझ्या गप्प बसण्यामुळे.

तुम्हाला यापुढे गावात लोक काय म्हणतील हे मला दिसतंय. दुकानात मी ऐकलंच, “तो शहरातला भाऊ, त्याच्या सल्ल्याने गेली बिचारी.” मी तोंड उघडणार होते, तर बाबा पैसे देऊन बाहेर निघालेसुद्धा होते. तुम्ही स्वतःहून ते ओढवून घेतलंत, मी उघडं पाडलं तर तुमचंही व्यर्थ जाईल. आणि बाबांचं काय होईल ते मला माहीत आहे. तळ्याकडे ते फार वेळा बघतात. म्हणून मी काही करणार नाही. तुम्हीही करू नका. त्यांना पत्र लिहिलंत तर हवापाण्याबद्दल लिहा.

मी फेब्रुवारीत डार्विनला जातेय, तिथल्या दवाखान्यात जागा मिळाली. वॉर्डात. पत्ता तुम्हाला कळवीन, फक्त तुम्हाला.

निघताना ते फाटकापर्यंत आले. फाटक उघडून धरलं, हात गाडीच्या छतावर ठेवला आणि म्हणाले, “ईस्टरला येशील ना गं?”

मी म्हणाले, “बघते.”

मी जाणार नाही, मामा. ते आत्तापासून लोकांना सांगताहेत की मी येणार आहे.

हेदर